आतू असं करत नाही

संघातल्या मुलींनी तिच्या डाव्या हातावरून तिचं नाव ‘डावी’ पाडलं होतं आणि ते इतकं रुळलं, की प्रेक्षकही तेच ओरडायचे. हँडबॉलमध्ये उजव्या बाजूने मुसंडी मारायला डावखुरी खेळाडू मिळाली, की कोचला देव पावल्यासारखं होतं. त्यात डावी उंच होती. उडी मारल्यावर ती हवेत क्षणभर थांबल्यासारखी वाटायची, गोलकीपर फसून एका अंगाला झुकायची आणि चेंडू दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. बचावातल्या मुलींच्या हातावर तुरी देणं हा तिचा हातखंडा होता.

लग्न तिने केलं ते इस्पितळात एक्स-रे काढणाऱ्या एका शांत माणसाशी. खांदा दुखतोय म्हणून ती तिथे गेली होती. तो म्हणाला, “श्वास रोखा,” आणि तिच्याकडे बघता बघता “सोडा” म्हणायलाच विसरला, असं ती सगळ्यांना रंगवून सांगायची.

नवऱ्याच्या घरी त्याची मोठी बहीण होती. आजारी आईचं करता करता तिचं लग्नाचं वय टळून गेलं होतं. आई गेल्यावर तिने पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं. पडदे, उशांचे अभ्रे, कुणाचे कोट आत घेणं, कुणाच्या पँटी सैल करणं, असं तिचं दिवसभर चालायचं. बोलणं कमी, हात सतत चालू. डावी तिला ‘ताई’ म्हणायची, अहोजाहो करायची, आणि मनापासून मानायची.

मुलगी झाली तेव्हा सगळे धरूनच चालले, की आता डावीचा खेळ संपला. वर्तमानपत्रात तर निरोपाचा लेखही छापून आला. डावीने तो वाचला आणि बाळाला मांडीवर घेऊन ढसाढसा रडली. तिचा क्लब दुसऱ्या शहरात होता, आगगाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. रोज येणं-जाणं शक्य नव्हतं आणि नवऱ्याची इस्पितळातली नोकरी सोडण्यासारखी नव्हती.

नणंद मशीनवरून उठली आणि म्हणाली, “रडतेस काय? जा तू. मी आहे.”

“ताई, एवढं तान्हं पोर…”

“मग काय झालं? पोर मला काय खाणार आहे का?”

डावीने तिला घट्ट मिठी मारली. ते उपकार आपण जन्मात विसरणार नाही, असं ती म्हणाली आणि तेव्हा तिला तसंच वाटत होतं.

मुलगी रांगायला लागली तेव्हा डावी पुन्हा मैदानात उतरली. पोटाचे स्नायू सैल झाले होते. उडी मारल्यावर हवेत थांबणं तर सोडाच, वेळेआधीच पाय जमिनीला लागत होते. कोचबाई कडक होत्या. “आई झालीस म्हणून गोलची जागा मोठी होणार नाही,” असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. डावी सराव संपल्यावरही एकटी थांबून भिंतीवर चेंडू मारायची. वर्ष सरायच्या आत ती पहिल्यासारखी खेळायला लागली आणि त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्यापेक्षाही बरी.

घरी ती पंधरा दिवसांतून एकदा, दीड-दोन दिवसांसाठी यायची. मुलीला सगळे ठकी म्हणत. चेंडू बोटांना चिकटून राहावा म्हणून खेळाडू हाताला राळ लावतात. ती तेल चोळूनही पुरती निघत नाही. डावीने ठकीला उचललं, की तिचे मऊ केस आईच्या बोटांना चिकटायचे आणि ती कुरकुरायची. पुढे बोलायला लागल्यावर “चिकट हात,” म्हणायची. सगळे हसायचे, डावीही हसायची.

ठकी चालायला कधी लागणार, हे डावी रोज फोनवर विचारायची. “अजून नाही,” नणंद सांगायची. “धरून उभी राहते, बास.” मग एका शनिवारी डावी दारात बॅग टाकून खाली बसली, तिने हात पसरले आणि ठकी पलंगाची कड सोडून चार पावलं टाकत थेट तिच्या अंगावर येऊन आदळली. डावीला आकाश ठेंगणं झालं. माझ्यासाठीच थांबली होती पोरगी, असं तिने क्लबातल्या मुलींना, आगगाडीतल्या अनोळखी बाईला, अगदी कोचबाईंनाही सांगितलं.

पुढच्या खेपेला ती जिन्यात शेजारणीला भेटली. डावीने तिलाही ते सांगायला घेतलं.

“गेल्या खेपेला पहिली पावलं टाकली का?” शेजारीण हसली. “अहो, तुमची पोरगी महिनाभर या जिन्यात धावतेय! माझ्या कुंड्या उलथ्या करून झाल्या तिच्या.”

डावी जिन्यातच उभी राहिली. नणंदेने आपल्याला खोटं सांगितलं होतं, कशासाठी तेही तिला लगेच कळलं, आणि कळल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नणंदेने तिला ती पावलं दिली होती, जसा एखाद्याला आपल्या ताटातला घास काढून द्यावा. ती घरात गेली, पण त्यावर एक अक्षर बोलली नाही.

त्या दिवसापासून ती नणंदेला पाण्यात पाहू लागली.

आधी जे डोळ्यांत भरायचं तेच आता खुपायला लागलं. ठकी झोपताना नणंदेच्या, म्हणजे तिच्या ‘आतू’च्या, कानाची पाळी चिमटीत धरायची. शिवायला आलेल्या कापडांच्या चिंध्या दोघी मिळून रंगांप्रमाणे लावायच्या आणि त्यांची आपली एक भाषा होती. निळ्या चिंधीला त्या ‘ओली’ म्हणायच्या, पिवळीला ‘गरम’. डावी एकदा मधे बसली आणि म्हणाली, “ही निळी इथे ठेवूया का?” ठकीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “निळी नाही, ओली,” म्हणाली. बालवाडीत डावी एकदा मुलीला आणायला गेली, तर तिथल्या बाईंनी विचारलं, “आज आई नाही आली का?” मग बाईंच्या लक्षात आलं, त्या ओशाळल्या आणि आपण तुमचे सगळे सामने बघतो म्हणून सांगू लागल्या. डावीने तोंडदेखलं हसून घेतलं. घरी येईपर्यंत तिने मुलीचा हात इतका घट्ट धरला होता, की ठकी रडवेली झाली.

“दाबू नको हात,” ती म्हणाली. “आतू असं करत नाही.”

हे वाक्य डावीच्या कानांत घुसून बसलं. वेणी घालताना, दूध देताना, मोजे चढवताना ते कुठून ना कुठून यायचंच. आतू असं करत नाही. नवऱ्याला तिने सांगून पाहिलं. तो म्हणाला, “अगं, लहान आहे ती. आणि ताईने केलं नसतं तर तू खेळली असतीस का?” खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

त्या मोसमात डावीच्या क्लबने विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात तिने एकटीने दहा गोल केले. बरोबरी चालू असताना शेवटचा सात मीटरवरचा पेनल्टी थ्रो तिने घेतला आणि चेंडू जाळ्यात घातला. चषक मिळाल्यावर खेळाडूंच्या घरच्यांना मैदानात बोलावलं. नवरा आला, नणंदेच्या कडेवर ठकी आली. वरून रंगीत कागद पडत होते, ढोल बडवल्यासारखा आवाज होता. डावीने एका हातात चषक धरला आणि दुसरा हात मुलीकडे पसरला. “ये, माझ्या राणी!”

ठकी घाबरली होती. तिने नणंदेच्या मानेत तोंड खुपसलं आणि किंचाळली, “नको! आतू, घरी चल!”

आजूबाजूच्या मुली हसल्या. कुणीतरी नेमका तेवढ्यात फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर होता: चषक उंचावलेली डावी, पसरलेला मोकळा हात आणि मुलीची पाठ. लोकांना तो फोटो फार गोड वाटला. डावीने तो फाडला, मग नवऱ्याच्या भीतीने त्याचे कपटे केराच्या डब्यात खाली दडवले.

मोसम संपल्यावर दोन महिने सुटी असायची. त्याच सुमाराला नणंदेकडे एक चष्मेवाला यायला लागला. त्याचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आधी तो दुकानाचे पडदे शिवायला घेऊन आला, मग तेच पडदे तोकडे करायला घेऊन आला, मग पुन्हा लांब करायला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मशीनमागे बसलेल्या नणंदेचे कान लाल झालेले डावीने पाहिले.

डावीने संधी साधली. ती चष्मेवाल्याला चहा विचारू लागली, बसवून घेऊ लागली. तो गेला, की त्याच्या गुणांचा पाढा वाचू लागली. “ताई, किती सभ्य माणूस आहे. दुकान स्वतःचं. स्वभाव शांत. तुमचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं करण्यात गेलं, आता स्वतःचा विचार करा ना.”

“आणि ठकी?”

“ठकीचं काय? मी आहे ना,” डावी म्हणाली.

नवऱ्याला भरून आलं. तो तिला स्वयंपाकघरात म्हणाला, “तू किती मोठ्या मनाची आहेस. माझ्याही कधी लक्षात आलं नाही ताईचं.” डावीने भांडी घासता घासता मान हलवली. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण ठाऊक असूनही ती थांबली नाही. सामन्यात समोरचीचा तोल गेलेला दिसला, की ती जशी थांबत नसे तशीच.

लग्न साध्या नोंदणीने झालं. नणंदेने स्वतः शिवलेला करडा पोशाख घातला होता. निघताना तिने ठकीला सांगितलं, “मी दोन गल्ल्या पलीकडे आहे. रोज फोन करेन.” शिलाई मशीन हातगाडीवरून गेलं आणि पुढच्या खोलीत फरशीवर त्याच्या पायांचे चार फिके ठसे तेवढे उरले.

डावीला वाटलं होतं, आता पोरगी आपली. पहिल्या सकाळी तिने अंडं उकडलं, सोलून दिलं.

“असं नाही,” ठकी म्हणाली. “टोपी काढून.”

“कसली टोपी?”

“अंड्याची टोपी! आतूला माहितीये.”

नणंद घरात होती तेव्हा तिला निदान बघता तरी येत होतं. आता ती दिसत नव्हती आणि जिथे तिथे तीच होती. फ्रॉकच्या आतल्या बाजूच्या नीटस टाक्यांत होती. रुमालाची घडी घालून तो छातीशी दाबायच्या ठकीच्या सवयीत होती. नणंदेचा रोजचा फोनही डावीला खुपायला लागला. कधी ती तो वाजू देई, कधी “झोपलीये” म्हणून सांगे, आणि ठकी समोर जागी बसलेली असे. पोरीचं जेवण कमी झालं. रडणंही नव्हतं, हट्टही नव्हता; ती नुसती पाहुण्यासारखी वागायची. “मी पाणी घेऊ का?” असं विचारायची. स्वतःच्या घरात. ते ऐकलं, की डावी त्याचा राग मनातल्या मनात नणंदेवरच काढायची.

एका दुपारी क्लबातून फोन आला. कोचबाई पुढच्या मोसमाचं विचारत होत्या. बोलता बोलता डावी गॅलरीत गेली. परत आली तर दार सताड उघडं आणि ठकी नव्हती.

तिने पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, जिना उतरली. शेजारणीकडे नव्हती. मग डावी धावली. चप्पल घालायचंही तिला भान राहिलं नाही, फोन घरातच राहिला. गाड्यांमधून, फळांच्या टोपल्यांना वळसा घालून, हॉर्न आणि शिव्या खात ती आयुष्यात धावली नव्हती इतकी धावली. दोन गल्ल्या म्हणजे तिच्यासाठी काहीच नव्हतं, तरी त्या संपेनात.

चष्म्यांच्या दुकानाच्या काचेतून तिला आधी ठकी दिसली. काउंटरवर बसली होती, नाकावर मोठ्यांच्या चष्म्याची चौकट, एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा. नणंद तिच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं पुसत होती. चष्मेवाला फोन कानाला लावून म्हणत होता, “उचलत नाहीये ती, पुन्हा लावतो.”

डावी आत आली आणि दाराशीच बसली. तिच्या तळव्यातून रक्त येत होतं. ठकी म्हणाली, “आई, तू अनवाणी आलीस?” आणि तिला त्याचं फार हसू आलं.

चष्मेवाल्याने शहाणपणा केला. “चला, आपण बाहेरच्या काचा पुसू,” म्हणून तो ठकीला घेऊन दारापुढे गेला.

नणंद कापूस आणि पाणी घेऊन डावीसमोर बसली. “पाय दे.”

“राहू द्या, ताई.”

“दे म्हणते ना.”

डावीने पाय पुढे केला. मग काय झालं कोण जाणे, तिला बांध फुटल्यासारखं झालं. “मी जळते तुमच्यावर,” ती म्हणाली. “गेली दोन वर्षं जळतेय. तुम्ही जावं म्हणूनच मी तुमच्या ह्यांची एवढी तारीफ करत होते. तुमच्या भल्यासाठी नाही. फोनवर झोपलीये म्हणून सांगते ना, तेही खोटं असतं.”

नणंद पाय पुसत राहिली. “माहितीये मला.”

“माहितीये?”

“एवढी कुणी चष्मेवाल्याची तारीफ करतं का? त्याची आई करणार नाही एवढी तू केलीस. मला त्याच दिवशी कळलं. पण मला लग्न करायचंच होतं, म्हणून गप्प बसले. तू जळलीस आणि माझं घर उभं राहिलं.” ती हसली नाही. “फोनचं मात्र मला माहीत नव्हतं. ते वाईट केलंस. मी इथे मशीनवर बसून घड्याळ बघत असते.”

डावीने विचारलं, “तुम्ही चालण्याचं का लपवलंत? माझी कीव आली ना?”

नणंदेचे हात थांबले. “शेजारणीने सांगितलं वाटतं.” तिने खाली पाहिलं. “कीव नाही गं. ती पहिल्यांदा चालली ती माझ्याकडे. मला इतका आनंद झाला, इतका, की मला चोरी केल्यासारखं वाटलं. तुला तोंड कसं दाखवू कळेना. म्हणून म्हटलं, झालंच नाही असं समजू.” मग जरा रागाने म्हणाली, “आणि तुला काय वाटतं, मी कुणावर जळत नाही? टीव्हीवर तू दिसलीस, की ती जेवण टाकून काचेला नाक लावते. मी दिवसभर मागे धावते, मला कधी नाक लावलं तिने?”

“टीव्हीला नाक लावते? मला कुणी सांगितलं नाही.”

“नाही सांगितलं,” नणंद म्हणाली. “मुद्दामच.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यात प्रेम होतं असं म्हणवत नाही. पण लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाहेर ठकी काचेवर फुंकर मारून वाफेत बोटाने गोल काढत होती.

त्यानंतर डावीने दोन गोष्टी केल्या. एका मोठ्या परदेशी क्लबाचं बोलावणं आलं होतं, ते तिने नाकारलं. आणि नवऱ्याला म्हणाली, “इतकी वर्षं मी येते-जाते, आता तुम्ही चला माझ्यासोबत. तिथेही लोकांची हाडं मोडतातच.” नवऱ्याने बराच काळ कां कू केलं, मग त्या शहरातल्या एका दवाखान्यात त्याला काम मिळालं. ठकी तिथल्या शाळेत गेली. पहिले दिवस सगळ्यांचेच वाईट गेले. ठकी रोज संध्याकाळी आतूशी फोनवर बोलायची, आणि डावी स्वतः तो लावून द्यायची. लावून दिल्यावर ती खोलीबाहेर जायची, कारण आत बसून ऐकणं तिला अजून जमत नव्हतं. अंड्याची टोपी मात्र ती शिकली.

डावी आणखी दोन मोसम खेळली. दुसऱ्या मोसमात क्लब पुन्हा उपांत्य फेरीत पोहोचला तेव्हा नणंद आणि चष्मेवाला सामना बघायला आले. दुसऱ्या सत्रात डावीने एकीला जर्सी धरून ओढलं आणि पंचांनी तिला दोन मिनिटं बाहेर बसवलं. बाकावर बसून, घाम पुसत तिने प्रेक्षकांत पाहिलं. ठकी खेळ बघतच नव्हती. आतूच्या मांडीवर गुडघे रोवून ती तिच्या कानात काहीतरी सांगत होती. नणंदेने मान मागे टाकली आणि दोघी खदखदून हसल्या. डावीच्या छातीत तीच जुनी कळ उठली. वेळ संपली, कोचबाई ओरडल्या, ती मैदानात गेली आणि तिने असा काही चेंडू मारला, की गोलकीपरने हात वर करण्याऐवजी डोकं खाली घेतलं.

सामना जिंकला. घरी जाताना गाडीत सगळे दाटीवाटीने बसले. डावीने विचारलं, “काय हसत होतात गं तेव्हा?”

“गुपित आहे,” ठकी म्हणाली.

“मला नाही सांगायचं?”

“आतूला विचार.”

डावीने नणंदेकडे पाहिलं. नणंद खिडकीबाहेर बघत म्हणाली, “गुपित म्हणजे गुपित.”

पुढे बसलेले दोन्ही पुरुष हसले. डावी खरोखरच फुगून बसली आणि घर येईपर्यंत कुणाशीही बोलली नाही.